शिक्षकाचे बळ

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,


शिक्षक खंबीर असावा, ही सर्वांचीच अपेक्षा असते. पण हा खंबीरपणा त्याने एकट्याने घरून आणायचा नसतो. तो शाळेच्या वातावरणात वाढतो, असे आम्हांला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर वाटते.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवताना अंगावर शेणमाती झेलली, हे मुलांना पाठ आहे. त्यांचे एक पत्र मात्र फारसे वाचले जात नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी त्यात आहे. ती कुरकुर करणार नाही, हा भरवसाही आहे. एवढ्या धीराच्या बाईंनाही ओझे वाटून घेणारी सहकारी लागली.

आपल्या हजीऱ्यात शिक्षकाचे काम सोपे नाही. आईवडिलांची पाळीची नोकरी, मध्येच बदली, त्यामुळे वर्षाच्या मधोमध वर्गात नवे मूल येते. घरी मराठी, बाजारात गुजराती, कॉलनीत हिंदी. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून या मुलांची ओढाताण आम्हांला कळते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेसह हा परिसर बुडवला. तेव्हा एकाने दुसऱ्याचा तास घेतला, तिसऱ्याने त्याच्या घरातला चिखल काढू लागला, म्हणून वर्ग चालले.

मागे एक तरुण शिक्षिका राजीनामा लिहून घेऊन आल्या. एका पालकांनी मुलादेखत त्यांना नाही नाही ते ऐकवले होते. आम्ही कागद ठेवून घेतला. एक ज्येष्ठ बाई आठ दिवस त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या, चुका काढायला नव्हे, सोबतीला. त्या पालकांशीही शांतपणे बोलणे झाले. त्या शिक्षिका आजही आपल्याकडे शिकवतात.

म्हणून विनंती एवढीच. पालकांनी तक्रार जरूर करावी, पण आधी शिक्षकांशी आणि मुलाच्या माघारी. विश्वस्तांनी निकाल विचारताना शिक्षकांना काय कमी पडते, तेही विचारावे. मुलांनो, तुम्ही सकाळी हसून ‘नमस्ते’ म्हणता, त्याचेही बळ मोठे असते.

आपले,
मुख्याध्यापक