न मागितलेला थांबा

गेल्या डिसेंबरात दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवून आम्ही वाशिष्ठी ओलांडली आणि सायंकाळी गुहागरच्या सुरूबनात तंबू उभारला. 79 वर्षांच्या बाबांसाठी घडीची खाटही नेली होती. सागराकडे पाहत ते प्रसन्न बसले होते. उठताना मात्र त्यांना भोवळ आली. आडवे करून घोटघोट पाणी पाजले, तेव्हा सावरले. त्यांची बाटली सकाळपासून भरलेलीच होती. “सारखी गाडी थांबवायला सांगणे बरे वाटेना,” ते हळूच म्हणाले.

उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. त्यात हा संकोच! दुसऱ्या दिवसापासून दर दीड तासाने “मला उतरायचे आहे,” असे मीच म्हणू लागले. बाबा निमूटपणे माझ्यामागून उतरत.

आपल्या वडीलधाऱ्यांना अवश्य प्रवासाला न्या. फक्त त्यांनी सांगण्याआधी थांबा.