परड्यासकट घर

कर्नाटकातल्या निपाणी भागात घर विकायला निघालं की जाणता माणूस किंमत मागनं विचारतो. आधी विचारतो, "बहिणी किती?" आमच्या एजंटानं घराची लांबी-रुंदी सांगितली, आडाला उन्हाळ्यातही पाणी असतं हे सांगितलं, आणि बहिणींचं मात्र चहा संपता संपता उरकलं. "तिघी हाईत. तिघीबी तिकडं महाराष्ट्रात दिल्यात. सह्या देतील की."

घर साधंच. पुढं सोपा, मग माजघर, मागं न्हाणी, वर मंगळुरी कौलं आणि पाठीमागं चार गुंठ्यांचं परडं. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, तेव्हा परड्याचे झाले 4356 चौरस फूट. घराच्या किमतीत कोल्हापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला असता आणि कोथिंबीर कुंडीत लावावी लागली असती.

इतकं स्वस्त का, ह्याचं उत्तर घराच्या तुळयांतच होतं. हे तंबाखूच्या पैशाचं घर. निपाणीची बिडीची तंबाखू एके काळी अख्ख्या देशात जायची. पिकवणारा एक, वखारवाला दुसरा आणि भाव ठरवणारा वखारवालाच. ह्याच गोष्टीवरून 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बैलगाड्यांसह ठाण मांडून बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. घरमालकांचे वडील त्या आंदोलनात होते म्हणे. पण त्या भागात त्या पिढीचा न बसलेला माणूस मला अजून भेटायचाय. पुढच्या पिढीनं तंबाखूचा नाद सोडला. एक मुलगा कागलच्या औद्योगिक वसाहतीत, दुसरा पुण्यात. घराला कुलूप लागलं. गावाकडचं स्वस्त घर म्हणतात ते बहुतेकदा असं, कुणीतरी निघून गेल्यामुळं स्वस्त झालेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. घराचा भाग गावठाणात, म्हणून पंचायतीचे ई-स्वत्तूचे नमुना 9 आणि 11. परड्याचा तुकडा सर्व्हे नंबरात, म्हणून उतारा आणि अकरा-ई नकाशा. 2020 साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला, त्यामुळं शेतकरी नसलेल्यालाही तिथं शेतजमीन घेता येते. चार-दोन मैलांवरच्या महाराष्ट्रात अजूनही आधी शेतकरी असावं लागतं. कागद सगळे कानडी, बोलणं सगळं मराठी. बाँड रायटर एक ओळ कानडीत वाचायचा आणि अर्थ निपाणीच्या मराठीत सांगायचा. हा मुलूख कुणाचा, ह्यावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, जिल्ह्याचं गाव बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. इथल्या लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलंय. माझ्या चतुःसीमेत तरी कुणी वाद काढला नाही. पूर्वेचा शेजारी मराठी, पश्चिमेचा कानडी, आणि दोघांचंही म्हणणं एकच, बांध सरळ करून घ्या.

वाद निघाला तो घराच्या आतूनच.

1956 साल ह्या भागाला राज्य पुनर्रचनेमुळं आठवतं. त्याच वर्षी हिंदू वारसा कायदा आला, त्याची आठवण कुणी काढत नाही. त्या कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं खरं, पण राहत्या घरापुरती कलम 23 ची मेख मारून ठेवली: मुलगे वाटणी करत नाहीत तोवर मुलीनं वाटणी मागायची नाही. 2005 साली ती मेख निघाली. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मिळणारा हक्कही त्याच दुरुस्तीनं देशभर मुलींना मिळाला. कायदा असा पुढं गेला. रीत मात्र जागेवरच आहे: बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडी-चोळी करायची. हक्क मागितला तर माहेर तुटतं, हे कुणी तोंडानं म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही.

धाकट्या दोघींनी होकार कळवला होता. थोरल्या आक्का गडहिंग्लजकडनं एसटीनं आल्या, सोप्यात बसल्या, कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "पैसं नकोत म्हणून मी कवा सांगितलं? ह्यो सोपा चढला तवा तंबाखूचं शेंडे खुडायला आमी बी जात हुतो की." आठवडाभरात धाकट्यांचाही होकार मागं फिरला.

मग भाऊ माझ्याकडं आले. किंमत वाढवून द्या म्हणाले. एजंट म्हणाला, सोडा, दुसरी घरं ढीगभर आहेत. पण हिशेब सरळ होता. मला सांगितलेली किंमत दोन भावांत वाटायची म्हणून परवडणारी होती. पाच वाटे झाले की प्रत्येक भावाच्या पदरात निम्म्याच्या जागी पाचवा हिस्सा. म्हणजे ज्या स्वस्ताईवर मी खूश होतो, तिच्यातला काही भाग तीन बहिणींनी सोडलेल्या वाट्यातून येणार होता. बहिणीच्या मायेचं कौतुक आपल्याकडं फार. त्या मायेचा भाव सौद्यात कापून घेतला जातो आणि फायदा माझ्यासारख्या परक्याच्याही खिशात पडतो, हे मात्र बोललं जात नाही. भावांनी मागितलेली सगळी वाढ मी दिली नाही, पण बरीच दिली. मित्रांच्या मते मी फसलो. मला तसं वाटत नाही. वाढलेल्या किमतीतही कोथिंबीर जमिनीतच आहे.

नोंदणीच्या दिवशी पाच नावांचे पाच डीडी झाले. कानडी खरेदीपत्रावर आक्कांनी मराठीत सही केली, ठळक, एकेक अक्षर सुटं. नंतर सगळे समोरच्या हॉटेलात गेले. भाऊ एका टेबलावर, बहिणी दुसऱ्या. भज्यांची प्लेट मात्र मधनं इकडून तिकडं गेली. निघताना आक्का माझ्याजवळ आल्या.

"परड्यातल्या शेवग्याला आळं करून पाणी सोडू नका. मागच्या भितीला ओल येती. आमच्या बानं कधी ऐकलं न्हाई."