पाटाचे पाणी

आमची लेक लॉस एंजेलिसला राहते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयतां तिच्याकडे होतो. एका सकाळी स्वयंपाकघरात तांदूळ धूत असता जावई सहज म्हणाले, "मम्मी, या नळाला येणारं काही पाणी सव्वादोनशे मैलांवरून येतं, आणि वाटेत त्याला एकही पंप लागत नाही." वसईच्या वाडीत, रहाटाच्या करकरीत वाढलेल्या माणसांना एवढे ऐकल्यावर स्वस्थ बसवेना. त्या शनिवारी आम्ही चौघे ओवेन्स खोऱ्याकडे निघालो.

मोहावीचे वाळवंट ओलांडले की दोन उंच पर्वतरांगांमध्ये हे चिंचोळे खोरे लागते. पाऊस जवळपास नाहीच. पाणी ते पश्चिमेच्या सिएरा नेव्हाडावरील बर्फाचे. त्या ओढ्यांचे पाट काढून पायूट आदिवासी गोऱ्यांच्या आधीपासून जमीन भिजवीत असत. पुढे आलेल्या शेतकऱ्यांनी तेच केले. सफरचंदे, नासपती, गुरांसाठी लसूणघास. पाट सामाईक असे, गाळ काढणे सामाईक, पाणी पाळीने.

१९०५ च्या सुमारास लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन येथे जमिनी घेऊ लागले. ते सरकारी सिंचन योजनेसाठीच घेत आहेत अशी पुष्कळांची समजूत झाली. खरेदी होती शहरासाठी. मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड. आयर्लंडहून आलेला हा गृहस्थ १८७८ मध्ये त्याच शहरात पाट साफ करणारा साधा पाटकरी म्हणून कामाला लागला होता. पाटाची किंमत त्याला कोणी शिकवायला नको होती.

१९०८ ते १९१३ अशी पाच वर्षे २३३ मैलांचे काम चालले. हजारो मजूर तंबूंत राहत, डोंगर पोखरीत. पोलादी नळांचे अवजड तुकडे ५२ खेचरांच्या गाड्यांवरून वाळवंटात ओढून नेले जात. यंत्रांनी जेथे हार खाल्ली तेथे खेचरे टिकली. उन्हाळ्यात मांस नासे आणि तेच पानात पडे. एका जेवणाचे २५ सेंट मजुरीतून कापले जात. १९१० च्या नोव्हेंबरात कंत्राटदाराने त्यात पाच सेंट वाढवले आणि संप झाला. मोठ्या कालव्यांच्या इतिहासात अभियंत्याचे नाव कोरलेले असते. त्या नासक्या मांसाची चव मात्र मजुराबरोबरच जाते.

१९१३ च्या ५ नोव्हेंबरला पाणी शहराला पोहोचले. खोऱ्याचा घास त्यानंतर एकदम नव्हे, हळूहळू घेतला गेला. हीच गोष्ट आम्हाला तेथे उभे असताना सर्वांत जास्त लागली. १९२० नंतर दुष्काळी वर्षे आली तेव्हा शहराचे दलाल एका पाटावरची सगळी शेते एकदम घेत नसत. एक घ्यायचे, शेजारचे सोडायचे, पुढचे घ्यायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. विकणाऱ्याला रोख पैसे मिळत. मागे राहिलेल्याच्या डोक्यावर साऱ्या पाटाचा गाळ येई. वर्ष-दोन वर्षांत तोही विकायला तयार होई, आणि शेजारी शेजाऱ्याचे तोंड पाहीनासा होई.

लोन पाइन गावाच्या उत्तरेला कालव्याचे अलाबामा दरवाजे आहेत. १६ नोव्हेंबर १९२४ च्या रविवारी सुमारे ७० जणांनी ते ताब्यात घेतले आणि पाणी परत खोऱ्यात सोडून दिले. चार दिवस तेथे जत्रा भरली. बायकांनी घरून अन्न आणले, मांस भाजले गेले. जवळच चित्रीकरण करीत असलेले चित्रपटनट टॉम मिक्स यांनी आपले वाद्यवृंद पाठवले. पुढाऱ्यांत मार्क वॉटरसन होते. ते व त्यांचे बंधू खोऱ्यातली बँक चालवीत. १९२७ मध्ये ती बँक बुडाली, दोघे भाऊ अपहाराबद्दल तुरुंगात गेले, आणि शेतकऱ्यांची शिल्लकही गेली. लढा तेथेच संपला. जेथे पूर्वी आगबोट चाले ते ओवेन्स सरोवर आटून पांढरे पडले. त्याची उडणारी धूळ दाबण्यासाठी शहराला पुढे अमाप पैसा ओतावा लागला. मलहॉलंड यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली. चौकशीत त्यांनी दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाही, एवढे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

दुपारी आम्ही मान्झानारला पोहोचलो. मान्झानार म्हणजे स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. १९१० मध्ये वसलेले हे बागायती गाव शहराने विकत घेतले आणि १९२९ पर्यंत ओस पडले. १९४२ मध्ये सरकारने येथेच जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना काटेरी तारेआड डांबले. त्या बंदिवानांनी वाळत चाललेल्या जुन्या झाडांना पाणी घातले, छाटणी केली. काही नासपती अजून उभे आहेत. खाली दोनचार पिकली फळे पडली होती.

त्या झाडाखाली लेकीने विचारले, "पप्पा, आपली विहीर तुम्ही बुजवलीत का?"

तिला आम्ही कधी सांगितले नव्हते. वसईत इमारती उठू लागल्या तेव्हा आमच्या आळीत पाण्याचा पहिला टँकर आमच्याच वाडीत शिरला. दिवसाला आठ-दहा फेऱ्या. चार उन्हाळ्यांत आमचे पाणी मचूळ झाले. त्याआधी शेजारच्या काकांचे झाले. त्यांची पानवेल पिवळी पडली. त्यांनीही मग टँकर बोलावला, पण तोवर विकण्याजोगे पाणी उरले नव्हते. काका आमच्याशी भांडले नाहीत. चर्चमधून परतताना ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागले, इतकेच.

"आणि ते पैसे?" लेकीने विचारले.

तिच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी त्या पैशांतून भरली होती. आम्ही ते सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. परतीच्या वाटेवर कालवा रस्त्याच्या कडेने दिसत होता, पाणी मुकाट्याने आमच्याच दिशेने उतरत होते. घरी पोहोचल्यावर तिने नळ सोडला, पेला भरला, आणि आमच्यापुढे ठेवला.