माणसं गेली, घरं राहिली

बालमित्रांनो, नकाशाची वही काढा बरं! ग्रीस देशाच्या खालच्या निळ्या समुद्रात शाईचे थेंब उडाल्यासारखी बेटं दिसतात ना? त्यातल्या क्रीट या मोठ्या बेटाच्या वर एक इवलंसं बेट आहे, सँटोरिनी. त्याचं जुनं नाव थेरा. आकार कसा? एखाद्या लाडोबाने भाकरीचा मधला मऊ भाग खावा आणि कडा तेवढी ताटात ठेवावी, तसा!

ही भाकरी खाल्ली ज्वालामुखीने. साधारण ३६०० वर्षांपूर्वी इथे भयंकर स्फोट झाला. डोंगराचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. उरलेल्या बेटावर राखेचे आणि टाचा घासायच्या दगडासारख्या हलक्या, भोकाभोकांच्या दगडांचे जाड थर बसले.

त्या थरांखाली एक शहर झोपलं होतं. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनाटोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने अक्रोतिरी गावाजवळ खणायला सुरुवात केली आणि काय आश्चर्य! दोन-दोन, तीन-तीन मजली घरं, फरसबंद गल्ल्या, धान्याचे मोठाले रांजण. वरच्या मजल्यावर संडास, त्याचं पाणी मातीच्या नळांतून रस्त्याखालच्या गटारात जाण्याची सोय!

भिंतींवर रंगीत चित्रं आहेत. दोन्ही हातांत माशांच्या माळा धरलेला कोळ्याचा पोरगा, केशराची फुलं खुडणाऱ्या मुली, ठोसे लगावणारी दोन मुलं. या मुलांचं डोकं तासलेलं, फक्त लांब बटा सोडलेल्या. एका चित्रात निळी माकडं आहेत. त्यांच्या उंच उचललेल्या शेपट्या पाहून २०२० साली काही अभ्यासकांनी म्हटलं, की ही तर भारतातली वानरं! काहींना मात्र ती आफ्रिकेतली माकडं वाटतात.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण माणसं कुठं गेली?"

अगदी नेमका प्रश्न! इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये असंच गाडलं गेलं. तिथे कितीतरी माणसं राखेत सापडली. अक्रोतिरीच्या घरांत मात्र राखेखाली दबलेलं कुणी मिळालं नाही. दागदागिनेही जवळजवळ नाहीतच. १९९९ साली तळहातावर मावेल असा सोन्याचा एक रानबोकड तेवढा सापडला.

मग झालं काय? उत्तर गल्ल्यांमध्येच आहे. स्फोटाआधी मोठा भूकंप झाला होता. लोक घराबाहेर पडले, नंतर परत आले, पडलेल्या दगडमातीचे ढीग रचू लागले. काही खाटा त्यांनी बाहेर आणून एकावर एक ठेवल्या होत्या. लाकूड कुजून गेलं, पण राखेत पोकळ्या राहिल्या. त्यांत प्लास्टर ओतल्यावर खाटांचा आकार जसाच्या तसा उमटला. आवराआवर अर्धी झाली असेल, तोच डोंगर धुमसू लागला. आणि लोकांनी मौल्यवान तेवढं घेऊन शहर सोडलं.

ती माणसं होड्यांतून सुखरूप पोचली का, याचा पुरावा अजून मिळालेला नाही. शहराचा बराच भाग अजून राखेखालीच आहे.

आणखी एक सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनीच्या आसपास हजारो लहान-मोठे धक्के बसले. शाळा बंद झाल्या. ११ हजारांहून जास्त लोक बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेले. पुढे धक्के कमी झाले आणि लोक घरी परतले.

आपलं घर सोडून जाणं कुणाला आवडेल? त्या खाटा आवरणाऱ्यांनाही आवडलं नसणार. पण जमिनीने इशारा दिला आणि त्यांनी तो ऐकला. म्हणून आज त्यांच्या घरांत आपल्याला रांजण दिसतात, चित्रं दिसतात, पण सांगाडे दिसत नाहीत. त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या हाती आलं. उरलेलं अर्धं कुणी शोधायचं? मोठे झालात की तुमच्यापैकीच कुणीतरी कुदळ आणि ब्रश घेऊन निघा बरं!