पत्रकात नसलेला रकाना

हुबळीच्या विद्यानगरात ताईकडे २०२२ साली नवी गाडी घ्यायचे ठरले. टेबलावर महिंद्राच्या 'एक्सयूव्ही ७००'ची पत्रके: एमएक्स, एएक्स३, एएक्स५, एएक्स७. भाच्यांना उघडणारे काचेचे छत हवे, म्हणजे निदान एएक्स५. पायाच्या एमएक्सला दोनच एअरबॅग. पण २०२१च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगच्याच गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. वरच्या प्रकारांत बाजूच्या पडदा-एअरबॅगही मिळत. पैसे वाढवायचे तर त्यांच्यासाठी वाढवावेत, असे माझे मत. मात्र अनमोड घाटातून फोंड्याला येताना तिसऱ्या रांगेत गुडघे मुडपून बसणार होती आमची आई. पत्रकात गुडघ्यांना रकाना नसतो. ताईला म्हटले, "प्रकार मागाहून ठरव, आधी आईला मागे बसवून बघ."