बस बंद पडली म्हणून

दिल्लीहून सरहिंदला जियारतीसाठी निघालो होतो. आम्ही दोघे भाऊ आणि दोघांच्या बायका. नव्वदेक किलोमीटरवर बस बंद पडली. तीन तास तरी लागतील, कंडक्टर म्हणाला. पाटीवरचं नाव वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. पानिपत!

मराठी माणसाला या नावाबद्दल वेगळं काही सांगायला नको. परीक्षेत नापास झालो तरी पानिपत, निवडणुकीत पडलो तरी पानिपत. आमचं त्यात आणखी एक दुखणं. मिरजेच्या शाळेत १७६१ चा धडा आला की सगळा वर्ग आमच्या बाकाकडे वळून बघायचा, जणू अब्दाली आमचा सख्खा मामा. इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने तोफा घेऊन लढला, पकडला गेल्यावर अब्दालीने त्याला ठार मारलं, हेही गुरुजी सांगत. पण तोवर मधल्या सुट्टीची घंटा झालेली असे.

प्रत्यक्षात गाव धुळकट, कामात बुडालेलं. जिकडे तिकडे चादरी-ब्लँकेटांचे गठ्ठे. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून, त्यांचंच पुन्हा सूत काढून इथे ब्लँकेटं विणतात.

रिक्षाने बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्यात गेलो. गर्दीत हिंदू बायकाच जास्त. आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याची आठवण झाली. आवारातच हालींची कबर. गालिबचं चरित्र लिहिणारे, १९१४ साली वारलेले हेच ते मौलाना अल्ताफ हुसेन हाली. विधवेचं दुःख मांडणारी त्यांची ‘मुनाजात-ए-बेवा’ अब्बा गेल्यावर अम्मी वाचायची. थोरल्या भाभी तिथे बराच वेळ बसून राहिल्या. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

परतताना लोणच्याचं दुकान लागलं. इथलं पचरंगा लोणचं प्रसिद्ध. म्हातारे दुकानदार १९४७ साली झंगहून लहानपणी आलेले. इथले बहुतेक मुसलमान तेव्हाच पाकिस्तानात गेले. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी घरात यांचं बिऱ्हाड. दारावर अरबी अक्षरं कोरलेली. दर दिवाळीला रंग देताना ती झाकू देत नाही, म्हणाले, पण वाचता येत नाहीत. भावाने वाचून अर्थ सांगितला. म्हाताऱ्यांनी तो दोनदा म्हणायला लावला.

“कहाँ से आए हो जी?”

“महाराष्ट्र.”

ते उठूनच उभे राहिले. समोरच्या दुकानाकडे बघून ओरडले, “ओए, मराठे आए हैं!”

भावाची दाढी, भाभींचा बुरखा त्यांना दिसत होताच. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. मिरजेत इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. चहा आला. काला आंब बघून जा, तुमच्याच लोकांची जागा आहे, असं तीनदा सांगून झालं. बरणीचे पैसे मात्र त्यांनी पुरेपूर घेतले, तेही बरं वाटलं.

काला आंब राहिलाच. बस सुरू झाली होती, कंडक्टर हाका मारत होता. बरणीचं झाकण सैल निघालं. अंबाल्यापर्यंत भाभींच्या पिशवीतून तेल ठिबकत होतं.