वाकडें तोंड

सकाळीं चूळ भरतांना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यांतून गळून सदऱ्यावर पडलें, तेव्हांच आम्हीं ओळखलें. आरसा पाहण्याची गरज नव्हती. हा पाहुणा आमच्याकडे तिसऱ्यांदा येत होता.

पहिल्यांदा तो आला तेव्हां आम्ही बत्तीस वर्षांचे होतों. पौषांतील थंडी, पांझरेकांठचें गार वारें आणि रात्रभर उघडी राहिलेली खिडकी. पिंपळनेरांत सर्वांनीं एकमतानें खिडकीस दोषी ठरविलें. शेजारच्या आजीबाईंनीं, “मास्तर, तुमनं तोंड वाकडं कसं व्हयनं?” असें विचारून, उत्तराची वाट न पाहतां तिळाचें तेल चुलीवर ठेवलें. दीड महिन्यांत तोंड सरळ झालें व यश तेलास मिळालें. दहा वर्षांनीं डावी बाजू लुळी पडली, तेव्हां खिडकी बंद होती. तरी आम्हीं दोष वाऱ्यासच दिला. सोयीचें कारण एकदां सांपडलें म्हणजे मनुष्य तें सहसा सोडीत नाहीं.

आयुर्वेदांत ह्या विकारास अर्दित म्हणतात आणि वातव्याधींत गणतात. पाश्चात्य वैद्यकांत तो सर चार्लस बेल ह्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्यांनीं १८२१ सालीं चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयींचें आपलें संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें होतें. मेंदूपासून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकीं हा सातवा तंतु कानामागील हाडाच्या अरुंद बोगद्यांतून बाहेर येतो. तो सुजला कीं बोगद्यांत त्याची कोंडी होते आणि अर्धा चेहरा मुका होतो. बहुतेकांचा चेहरा पूर्ववत् होतो. शंभरांत दहाएक जणांस मात्र विकार पुन्हा गांठतो.

ह्या खेपेस मुलानें हट्टानें धुळ्यास नेलें. डॉक्टरांनीं कपाळास आठ्या घालावयास सांगितल्या. उजवीकडे एकहि उमटली नाहीं, तेव्हां त्यांची मुद्रा निवळली. मेंदूंतील आघातानें तोंड वाकडें झालें तर कपाळ बहुधा हालतें. मग त्यांनीं तोंड सोडून उरलेला देहच पाहावयास घेतला. जिभेस भेगा आहेत काय, ओठ मधून मधून सुजतात काय, कानांत पुरळ, कातडीवर बधिर चट्टा, असें सर्व शोधलें. कारण वारंवार येणाऱ्या ह्या वाकडेपणामागें निरनिराळीं दुखणीं दडलेलीं असूं शकतात. अखेरीस ते म्हणाले, “रक्त तपासूं.”

हाच शब्द आम्ही वीस वर्षें चुकवीत आलों होतों. आमचे वडील मधुमेहानें आधीं पाय गमावून मग गेले. साखर मोजलीच नाहीं तर ती वाढणार नाहीं, अशी आमची कांहींशी समजूत होती. ती प्रमाणाच्या दुपटीहून अधिक निघाली.

“साखरेनेंच तोंड वाकडें केलें, असें मी म्हणत नाहीं,” डॉक्टर म्हणाले, “मधुमेह्यांस हा विकार अधिक होतो, इतकें खरें. पण तोंड वाकडें झालें नसतें, तर तुम्ही येथें आलां असतां काय?”

आम्ही निरुत्तर झालों. सूज उतरविणारें औषध पहिल्या तीन दिवसांत द्यावें लागतें आणि तेंच साखर वाढवितें. त्यामुळें दोन्हींचा मेळ त्यांनीं मोठ्या कष्टानें घातला. डोळा मिटत नसल्यामुळें रात्रीं पट्टी बांधावी लागे. महिनाभर आम्हीं लोकांस तोंड दाखविलें नाहीं. त्या दिवसांत येवल्याच्या ललिता पवार ह्यांची वारंवार आठवण होई. १९४२ सालीं चित्रीकरणांत बसलेल्या थपडेनें त्यांचा चेहरा लुळा पडला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, नायिकेचीं कामें गेलीं. पण त्याच चेहऱ्यानें त्यांनीं पुढें पडद्यावरची खाष्ट सासू अजरामर केली. आम्हांस तर केवळ घरचा आरसा सोसावयाचा होता!

आतां हंसतांना उजवा ओठ किंचित् मागें राहतो. नात म्हणते, आजोबा अर्धेंच हंसतात. पहांटे आम्ही नदीकांठानें तासभर चालतों, दर तीन महिन्यांनीं रक्त दाखवितों. आणि खिडकी उघडी ठेवूनच निजतों.